अलिबागेस जाणारांस दोन शब्द

गणपती विसर्जनाची गडबड संपली, पावसाचा जोर ओसरला आणि पावसाळाभर बंद असलेली गेटवे ते मांडवा ही लाँचची वाहतूक पुन्हा सुरू झाली, म्हणजे मुंबई, ठाणे व पुणे येथील सुखवस्तू मंडळींस अलिबागेची आठवण होते. शनिवार उजाडला की धक्क्यावर रांगा लागतात, वडखळच्या नाक्यावर मोटारी अडकतात, आणि रविवारी रात्रीपर्यंत ती सारी गर्दी परतून सोमवारी आपापल्या कामास लागते. ह्या जाण्यायेण्यास आमचा विरोध नाही. माणसाने घराबाहेर पडावे, समुद्र पाहावा, चार दिवस हवापालट करावा, ह्यात गैर ते काय? परंतु जेथे जावयाचे त्या गावाविषयी जाणाऱ्यास काही माहिती असावी की नसावी, हा प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर हल्ली माणसांच्या प्राणांशी व शेतकऱ्यांच्या जमिनींशी जाऊन भिडले असल्यामुळे त्याविषयी चार शब्द स्पष्टपणे लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

मुंबईत एक हिंदी वाक्प्रचार फार दिवसांपासून रूढ आहे. कोणी साध्या गोष्टीत अडाणीपणा दाखविला की ‘अलिबागसे आया है क्या?’ असे त्यास हिणविण्यात येते. ह्या वाक्प्रचारास बंदी घालावी अशी मागणी अलिबाग तालुक्यातील एका गृहस्थांनी २०१९ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे नेली होती. विनोद प्रत्येक समाजावर होतच असतात, ते मनास लावून घेऊ नयेत, अशा आशयाचे मत देऊन न्यायालयाने ती फेटाळली. कायद्याच्या दृष्टीने हा निकाल योग्यच झाला, कारण लोकांच्या तोंडास कुलूप घालणे हे न्यायासनाचे काम नव्हे. परंतु टोमण्याला उत्तर कायद्याने देता येत नसले तरी वस्तुस्थितीने देता येते. अलिबागेहून आलेला मनुष्य अडाणी, की अलिबागेस जाऊन काहीच न पाहता आलेला मनुष्य अडाणी, ह्याचा निवाडा वाचकांनीच करावा.

प्रथम ऋतूचाच विचार करू. भाद्रपद-आश्विनात कोकणपट्टीस थंडी असते अशी पुष्कळांची समजूत असते. ती सर्वस्वी चुकीची होय. पाऊस मागे हटू लागला म्हणजे आभाळ निवळते, ऊन थेट अंगावर येते. जमिनीत आणि हवेत ओल मात्र तशीच राहते. त्यामुळे पारा तेहेतीस-चौतीस अंशांवर असला तरी अंगाची काहिली वैशाखासारखी होते. मध्येच हस्ताचा पाऊस गडगडाट करीत येतो आणि तासाभरात सर्व ओले करून निघून जातो. जाणाऱ्याने सुती कपडे, छत्री व पिण्याचे पाणी बरोबर ठेवावे. हिंडणे सकाळी दहाच्या आत व सायंकाळी चारनंतर करावे. दुपार सावलीत काढावी. एवढे पथ्य पाळल्यास हा काळ वर्षातील सर्वांत देखणा आहे हे आम्ही आग्रहाने सांगू. हळवे भात पिवळे पडू लागलेले असते, गरवे अजून हिरवे असते. माडांवर पावसाने धुतलेली तकाकी असते. किहीमच्या बाजूस सुगरणींची घरटी अद्याप झाडांवर लोंबत असतात. ह्याच किहीम गावी १९३० साली डॉ. सालिम अली ह्यांनी पावसाळ्यात राहून सुगरण पक्ष्याचे निरीक्षण केले. नर एकामागून एक घरटी बांधतो, मादी येऊन ती पारखते, आणि एका घरट्यात मादी नांदू लागली की नर दुसरे घरटे बांधावयास घेतो, हे त्यांनी जगास प्रथम नीट समजावून दिले. त्याच गावी आज मोटारीने जाणाऱ्यांपैकी किती जणांची नजर त्या झाडांकडे वळत असेल?

जाण्याची सोय आता पूर्वीपेक्षा पुष्कळच वाढली आहे. भाऊच्या धक्क्यापासून मांडव्यापर्यंत मोटारीसुद्धा वाहून नेणारी रो-रो बोट २०२० च्या मार्चमध्ये सुरू झाली. शिवडी-न्हावाशेवा हा समुद्रावरील पूल, ज्यास अटल सेतू असे नाव आहे, १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झाला. जेथे एके काळी भरती-ओहोटी पाहून निघावे लागे, तेथे आता घड्याळ पाहून निघता येते. ही प्रगती आनंदाचीच होय. परंतु सोय वाढली म्हणून समुद्राचा स्वभाव बदलला असे कोणी समजू नये. १७ जुलै १९४७ रोजी, स्वातंत्र्य अवघ्या महिन्यावर आले असता, भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ ही आगबोट वादळी समुद्रात कलंडली आणि सहाशेंहून अधिक माणसे बुडाली. त्यांत अलिबाग तालुक्यातील घरोघरची माणसे होती. भर पावसाळ्यात, उसळलेल्या समुद्रात जाणे म्हणजे काय, ह्याचा धडा ह्या किनाऱ्याने इतक्या मोठ्या किमतीस घेतलेला आहे. तेव्हा पावसाळ्यात लाँच बंद ठेवतात म्हणून कुरकुर करणाऱ्यांनी तो दिवस आठवावा.

आता भरती-ओहोटीविषयी. अलिबागेच्या किनाऱ्यासमोर समुद्रात कुलाबा किल्ला उभा आहे. ओहोटीस तेथे पायी जाता येते, आणि भरतीस किल्ल्याभोवती सर्व बाजूंनी पाणी होते. दर वर्षी कोणी ना कोणी गप्पांत वेळ विसरून तेथे अडकतो, किंवा पाणी चढत असता घाईने निघून मध्येच कचाट्यात सापडतो. हे टाळण्यास विशेष विद्या लागत नाही. कोकणातील दर्यावर्दी लोकांचा जुना हिशेब असा आहे की, तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीची वेळ निघते. तृतीयेस तीनाची पाऊणपट सव्वादोन. म्हणजे पूर्ण भरती सुमारे सव्वादोन वाजता, आणि त्याच्या सहा तास आधी, सव्वाआठच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. अष्टमीस आठाची पाऊणपट सहा. म्हणून सकाळ-संध्याकाळ सहास भरती व दुपारी बारास ओहोटी. वद्य पक्षातही हाच हिशेब. ह्यात थोडी मिनिटे इकडेतिकडे होतात. परंतु पंचांग घरात असणाऱ्या कोणत्याही कुटुंबास हा हिशेब क्षणात करता येईल.

ह्यापुढे एक बारकावा आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते. त्या दिवसांत पाणी जितके वर चढते तितकेच दूर मागे हटते. अष्टमीच्या आसपास भांग असते; तेव्हा पाणी फार चढतही नाही आणि पुरते हटतही नाही. म्हणून अष्टमीस दुपारी ओहोटी साधली तरी किल्ल्याच्या वाटेवर गुडघाभर पाणी लागण्याचा संभव असतो. ज्यास पायी जावयाचे असेल त्याने घटस्थापनेनंतरची द्वितीया-तृतीया पाहावी, सकाळी सातच्या सुमारास किनाऱ्यावर असावे आणि साडेनऊच्या आत परत फिरावे. ऊनही टळते आणि पाणीही. कोजागरीच्या रात्री मात्र ऐन मध्यरात्रीच्या सुमारास, चंद्र माथ्यावर असता, समुद्रही उधाणाने भरलेला असतो. ती शोभा काठावरून पाहावी, पाण्यात उतरून पाहू नये.

पोहण्याविषयी ह्याहूनही कडक बोलणे भाग आहे. पावसाळ्यात किनाऱ्याची वाळू हालते. गतवर्षी जेथे कमरेइतके पाणी होते तेथे यंदा पुरुषभर असू शकते. ओहोटी लागली म्हणजे पाणी माणसास आत ओढते. २०१६ च्या फेब्रुवारीत, म्हणजे समुद्र शांत समजला जातो अशा दिवसांत, पुण्याहून मुरूडास सहलीला आलेले चौदा तरुण विद्यार्थी एका दुपारी बुडाले. त्यांच्या आईबापांच्या दुःखावर कोणता उपाय आहे? अशा वेळी ‘समुद्राने बळी घेतला’ असे वर्तमानपत्रांत छापून येते. समुद्र बळी घेत नाही. तो आपल्या नियमाने चढतो व उतरतो. नियम ठाऊक नसणे हा आपला दोष, आणि तो पाहुण्यास न सांगणे हा यजमानाचा दोष होय.

मघाच्या कुलाबा किल्ल्याचीही थोडी ओळख असावी. शिवाजी महाराजांनी आपल्या अखेरच्या वर्षी, १६८० साली, हा जलदुर्ग बांधावयास आरंभ केला आणि संभाजी महाराजांच्या कारकिर्दीत तो पुरा झाला. पुढे कान्होजी आंग्रे ह्यांच्या हाती तो आला. १७२१ च्या अखेरीस इंग्रज व पोर्तुगीज ह्यांनी एकत्र होऊन ह्या किल्ल्यावर स्वारी केली आणि हात चोळीत परत गेले. युरोपातील दोन दर्यावर्दी सत्तांस एका वेळी माघारी धाडणारा हा पुरुष १७२९ साली मरण पावला. त्याची समाधी अलिबाग शहरातच आहे. किल्ल्यातील गणपतीचे देऊळ राघोजी आंग्रे ह्यांनी १७५९ साली बांधिले. सभोवार खारे पाणी असता आत गोड्या पाण्याचा साठा आहे, हे तर प्रत्येकाने पाहण्यासारखे. १८४० साली आंग्र्यांचे संस्थान इंग्रजांनी खालसा केले. जिल्ह्याचे कुलाबा हे नाव मात्र १९८१ पर्यंत टिकले. त्या साली त्याचे रायगड असे नामांतर झाले. एवढा इतिहास ज्या भिंतींत आहे त्यांवर आपली व आपल्या प्रेयसीची नावे कोरणारे सुशिक्षित तरुण पाहिले म्हणजे आमच्या शिक्षणपद्धतीची आम्हांस शरम वाटते.

किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर आणखी एक स्थळ आहे. मोटारी त्याच्यासमोरून जातात. थांबत मात्र थोड्याच. ती चुंबकीय वेधशाळा होय. पृथ्वीच्या चुंबकत्वात क्षणोक्षणी होणारे फेरफार मोजण्याचे काम मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या पाचव्या दशकापासून चालत असे. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या आणण्याचे ठरले. विजेच्या प्रवाहाने चुंबकसूचीची नोंद बिघडणार, तेव्हा वेधशाळेसाठी दुसरी जागा शोधणे प्राप्त झाले. वेधशाळेचे प्रमुख डॉ. नानाभॉय मूस ह्यांच्या देखरेखीखाली १९०४ साली अलिबागेस नवी वेधशाळा उभी राहिली. लोखंडाचा स्पर्श नको म्हणून पोरबंदरी दगड, तांबे व पितळ ह्यांचा वापर करून ती बांधिली. जुन्या व नव्या ठिकाणच्या नोंदींचा मेळ बसावा म्हणून दोन्ही ठिकाणी सुमारे दोन वर्षे एकाच वेळी मोजमाप केले, आणि मगच कुलाब्याचे काम थांबविले. विजेच्या ट्राम १९०७ साली धावू लागल्या आणि १९६४ साली बंदही झाल्या. ज्यांच्यामुळे वेधशाळा येथे आली त्या गाड्या गेल्या, वेधशाळा अद्याप काम करीत आहे. आज ती भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे.

हे काम किती मोलाचे आहे त्याचे एकच उदाहरण देतो. १८५९ च्या सप्टेंबरच्या आरंभी सूर्यावरील उत्पाताने पृथ्वीवर चुंबकीय वादळ उठले; तारायंत्रे बिघडली, उत्तरेकडील देशांत आकाश रात्री तांबडे झाले. आजवर नोंद झालेल्या अशा वादळांत ते अग्रगण्य समजले जाते. ते किती प्रचंड होते ह्याचा अंदाज बांधण्यासाठी २००३ साली परदेशांतील व आपल्या येथील शास्त्रज्ञांनी ज्या नोंदी उघडल्या त्या मुंबईच्या कुलाबा वेधशाळेच्या होत्या. त्याच नोंदवहीची परंपरा अलिबाग आज पुढे चालवीत आहे. उपग्रह व वीजवाहिन्या ह्यांस अशा वादळांचा धोका असल्यामुळे सर्व जगास ह्या नोंदींची गरज पडते. असे ज्या गावात चालते त्या गावाचे नाव अडाणीपणास उपमा म्हणून घ्यावे, ह्याहून मोठा विनोद कोणता?

गावाच्या पोटात इस्रायल आळी आहे. बेने इस्रायल लोकांच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज गलबत फुटून अलिबागेजवळ नवगावच्या किनाऱ्यास लागले. सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. नवगावास त्यांचे जुने दफनस्थान आहे. तेल गाळण्याचा धंदा करणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून शेजारी त्यांस शनवार तेली म्हणत. त्यांनी मराठी भाषा घेतली, किहीमकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर अशी गावांची आडनावे घेतली, आणि आपला धर्म शतकानुशतके राखिला. त्यांचे ‘मागेन आबोथ’ हे प्रार्थनामंदिर १८४८ सालचे असून १९१० साली ते नव्याने बांधण्यात आले. त्यांचे नववर्ष ह्याच ऋतूत, पुष्कळ वर्षी घटस्थापनेच्या आसपासच येते. कोकणात त्यास ते ‘नव्याचा सण’ म्हणत; त्यानंतर नव्या धान्याची खीर करून ‘खिरीचा सण’ पाळीत, आणि उपासाच्या मोठ्या दिवसास ‘दारफळणीचा सण’ म्हणत. नवे भात घरात आल्याचा आनंद हिंदू शेजारी व हे लोक एकाच पंधरवड्यात मानीत, आणि कोणी कोणास आपले देवघर सोडावयास सांगितले नाही. १९४८ नंतर त्यांतील बहुतेक कुटुंबे इस्रायल देशी गेली. थोडी येथे राहिली. जातीजातींत व धर्माधर्मांत भिंती बांधण्याचा उद्योग ज्यांना आवडतो त्यांनी एकदा ह्या आळीतून फिरून यावे.

आता बाजाराकडे वळू. यांत्रिक होड्यांस १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, कारण तो माशांच्या विणीचा काळ होय. नारळी पौर्णिमेस दर्याची पूजा होते. भाद्रपद-आश्विनात थळ, वरसोली, रेवस, साखर येथील होड्या भरून येऊ लागतात. पाहुण्यास पापलेट हवे असते, आणि ते स्वस्त हवे असते; मग बोटभर लांबीची पिले बाजारात येतात. सिल्व्हर पापलेटास राज्य सरकारने २०२३ साली राज्यमासा म्हणून मान दिला, परंतु मान देऊन मासा वाचत नाही. ताटात पिलू नको असे गिऱ्हाइकाने म्हटले तरच तो वाचेल. दुसरी गोष्ट, ह्या दिवसांत येणारे पाहुणे पांढरा कांदा मागतात व पोपटी मागतात. अलिबागच्या पांढऱ्या कांद्यास २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले हे खरे; परंतु कार्ले, खंडाळे, सागाव इकडील शेतकरी तो भात कापून झाल्यावर त्याच जमिनीत लावतात, आणि पोपटी तर हिवाळ्यातील वालाच्या शेंगांची. आश्विनात पांढऱ्या कांद्याची वेणी कोणी ताजी म्हणून विकत असेल तर घेणाऱ्याने दोनदा विचार करावा, आणि विकणाऱ्या व्यापाऱ्याने एकदा तरी करावा. नाव एकदा गेले की मानांकनाचा कागद काय उपयोगाचा?

येथवर लिहिले ते पाहुण्याच्या हिताचे. ह्यापुढचे यजमानाच्या हिताचे आहे, आणि आमच्या मते तेच अधिक महत्त्वाचे होय. वडखळकडून येताना दोन्ही बाजूंस जी भातशेते दिसतात ती सृष्टीने आपोआप तयार केलेली नाहीत. खाडीचे खारे पाणी बांध घालून अडवावयाचे, उघाडीतून पावसाचे पाणी बाहेर सोडावयाचे, वर्षानुवर्षे जमिनीतील मीठ धुऊन काढावयाचे, तेव्हा कोठे तेथे दाणा पिकतो. एका उधाणात बांधास खांड पडली तर गावाची शेती पुढील काही वर्षे नापीक होते. ह्या श्रमावर एके काळी खोतांचा हक्क असे. कुळाने कसावे आणि पिकाचा मोठा वाटा खोताच्या घरी पोचवावा. त्याविरुद्ध पोयनाडच्या बाजूस चरी येथे २७ ऑक्टोबर १९३३ रोजी, म्हणजे भात कापणीच्या ह्याच दिवसांत, नारायण नागू पाटील ह्यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी संप पुकारला. पंचवीस गावांनी खोतांची जमीन कसावयाचे नाकारले. १९३९ पर्यंत, सहा वर्षे, हा संप चालला. लोकांनी लाकडे तोडून, मोलमजुरी करून, अर्धपोटी राहून दिवस काढिले, परंतु शब्द मोडला नाही. १९३४ च्या डिसेंबरात डॉ. आंबेडकर चरीस आले, आणि १७ सप्टेंबर १९३७ रोजी खोती नष्ट करण्याचे विधेयक त्यांनी मुंबई विधिमंडळात मांडिले. १९३९ चा व १९४८ चा कुळकायदा, १९४९ चा खोती निर्मूलनाचा कायदा, आणि १ एप्रिल १९५७ रोजी कसणारे कूळ मालक मानले जाणे, ह्या सर्वांच्या मागे ह्या पंचवीस गावांची उपासमार आहे.

ती जमीन आज गुंठ्यागुंठ्याने विकली जात आहे. ज्याच्या आजोबांनी सहा वर्षे उपाशी राहून सातबाऱ्यावर नाव आणले, त्याचा नातू ती विकून त्याच जागेवर बांधलेल्या बंगल्याचा रखवालदार होतो, हे दृश्य मांडव्यापासून रेवदंड्यापर्यंत कोणासही पाहावयास मिळेल. शेतकरी नसणाऱ्यास जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही असा कायदा आहे. किनाऱ्यालगत बांधकाम करण्यास १९९१ पासून निर्बंध आहेत. तरीही भिंती उभ्या राहतात. किहीम येथे एका फरारी हिरेव्यापाऱ्याचा बेकायदा बंगला २०१९ च्या मार्चमध्ये सुरुंग लावून पाडावा लागला. एक पडला, पण त्याच्याकडे बोट दाखवून इतरांनी आपापल्या भिंती निर्दोष समजू नयेत.

ह्यावर दोन आक्षेप घेण्यात येतात. पहिला असा की, पाहुण्यांमुळे गावात पैसा येतो. येतो, हे आम्ही नाकारीत नाही. खाणावळ, मासळी, टांगा, रिक्षा, नारळपाणी ह्यांवर आज हजारो चुली पेटतात. परंतु पाहुण्याने येऊन चार दिवस राहणे वेगळे आणि जमीन घेऊन कुंपण घालणे वेगळे. पहिल्याने गावाचे उत्पन्न दरवर्षी वाढते, दुसऱ्याने एकदाच पैसा मिळून उत्पन्नाचे साधनच कायमचे जाते. दुसरा आक्षेप अधिक खरा आहे: भाताची शेती परवडत नाही, मुले शिकून शहरात जातात, मुलीच्या लग्नास वा दुखण्यास पैसा लागतो, अशा वेळी शहरात बसून ‘विकू नका’ म्हणणे सोपे आहे. ह्या आक्षेपापुढे कोरडा उपदेश चालणार नाही. परंतु जमीन राखून तिच्यावर चार खोल्या बांधून पाहुणे ठेवणारी, स्वतःच्या घरी स्वयंपाक करून वाढणारी कुटुंबे नागाव-आक्षीकडे आहेत, आणि ती जमीन विकलेल्यांपेक्षा सुखी आहेत. शिवाय ज्यांना एकजुटीने नाही म्हणावयाचे असते त्यांस तसे म्हणताही येते. सप्टेंबर २००८ मध्ये सेझकरिता जमीन द्यावी की नाही ह्यावर पेण तालुक्यातील बावीस गावांत मतदान घ्यावे लागले, हे त्याचे अलीकडचे प्रमाण आहे.

आणखी एक गोष्ट सुधारकांनी उच्चारली नाही तर कोण उच्चारणार? जमीन विकावयाची ठरली की माहेरवाशिणीस बोलावून, साडी-चोळी करून, हक्कसोडपत्रावर तिची सही घेतली जाते. २००५ च्या दुरुस्तीने मुलीस वडिलार्जित मिळकतीत मुलाइतकाच वाटा मिळाला आहे. सही देणे न देणे हा तिचा अधिकार आहे, भावाच्या प्रेमाची परीक्षा नव्हे. बहिणींनी कागद वाचून मग लेखणी हाती घेतली, तर पुष्कळ घाईचे व्यवहार आपोआप थांबतील असा आमचा विश्वास आहे.

आमच्या सूचना थोड्या व साध्या आहेत. दुकानदारांनी व खाणावळवाल्यांनी आपल्या फळ्यावर भावाशेजारी त्या दिवसाची भरती-ओहोटीची वेळ मोठ्या अक्षरांत लिहावी. त्यास खडूखेरीज खर्च नाही, आणि जो व्यापारी गिऱ्हाइकाचा जीव राखतो त्याच्याकडे गिऱ्हाईक पुन्हा येते. नगरपालिका व किनाऱ्यावरील ग्रामपंचायती ह्यांनी वाहनतळाचा जो पैसा जमतो त्यातून पोहण्यात तरबेज अशी स्थानिक कोळी मुले रखवालीस नेमावीत, आणि त्या पैशाचा हिशेब चावडीवर लावावा. महसूल खात्याने परवानगीशिवाय झालेल्या खरेद्यांची यादी प्रसिद्ध करावी. पाहुण्यांनी वाळूवर मोटार घालू नये, दारू पिऊन पाण्यात उतरू नये, आपला कचरा आपल्या पिशवीतून परत न्यावा, आणि मासळी कोळणीच्या टोपलीतून, तांदूळ शेतकऱ्याच्या ओटीवरून घ्यावा. शाळांच्या सहली येतात त्यांनी एक तास वाळूस, एक तास वेधशाळेविषयी ऐकण्यास आणि एक तास चरीच्या संपाची गोष्ट समजून घेण्यास द्यावा.

येत्या पंधरा-वीस दिवसांत हळव्या भातावर विळा पडेल, आणि ऑक्टोबर संपता संपता चरीच्या संपाचा दिवस येईल. त्या सुमारास ज्यांस अलिबागेस जावयाचे असेल त्यांनी खुशाल जावे. निघण्यापूर्वी पंचांग उघडून तिथी पाहावी, आणि परत येताना एखाद्या कापल्या जाणाऱ्या शेताच्या बांधावर क्षणभर थांबून ते शेत कोणाचे आहे, आणि पुढील वर्षीही त्याचेच राहील काय, एवढे तेथील माणसास विचारून यावे.